नाट्यगृहांना हात लावण्याआधी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एकांकिका स्पर्धांच्या पार्श्वसंगीतावर लेख आला होता, त्यात म्हटलंय की हल्लीची मुलं लॅपटॉपवर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजवतात पण तो प्लॅस्टिकचा वाटतो. वाटतो हे खरंय. मी पुण्यात नाटकांसाठी आणि शॉर्टफिल्मसाठी म्युझिक प्रोग्रामिंग करते आणि भरत नाट्यला बसून मलाही कित्येकदा तसंच वाटलंय. पण लेखात त्याचं सगळं खापर कॉम्प्युटरवर फोडलंय ते मला अजिबात पटलं नाही, कारण त्या कॉम्प्युटरमधली व्हायोलिन खऱ्या वादकांनी खऱ्या व्हायोलिनवर एकेक सूर वाजवून रेकॉर्ड केलेली असतात. गडबड वाद्यात नसते हो, गडबड असते ती जागेत. वाद्यं कुठे बसलीयेत आणि कुठल्या हॉलमध्ये वाजतायत याचा कुणी विचारच केलेला नसतो. यावर मराठीत फार कमी वाचायला मिळतं म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि त्यातूनच एक मागणी आहे महापालिकेकडे आणि नाट्यसंस्थांकडे, ती कृपया कापू नका.

आधी हे बघा की या सॅम्पल लायब्रऱ्या, म्हणजे अशा रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच, येतात कुठून. स्पिटफायर नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या बऱ्याच लायब्रऱ्या लंडनला हॅम्पस्टेडमधल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये रेकॉर्ड झाल्यात, आणि तो हॉल म्हणजे मुळात एक जुनं चर्च, त्यामुळे सूर थांबला तरी मागे हॉल जो घुमत राहतो ते घुमणंही सॅम्पलमध्येच येतं. याच्या बरोबर उलट व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीवाल्यांनी त्यांची सुरवातीची लायब्ररी सायलेंट स्टेज नावाच्या मुद्दाम बांधलेल्या एकदम ड्राय, म्हणजे जवळपास न घुमणाऱ्या जागेत रेकॉर्ड केली, का तर ज्याला जो हॉल हवा तो त्याने नंतर लावून घ्यावा. आणि आपल्या कॉलेजच्या मुलांकडे हमखास सापडणारी बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची फुकटातली डिस्कव्हर लायब्ररी, ती मेडा व्हेल स्टुडिओतली. तिन्ही चांगल्या आहेत, प्रश्न तो नाहीच. पण मुलगा स्ट्रिंग्ज (व्हायोलिन, चेलो वगैरे) घेतो चर्चमधल्या, फ्रेंच हॉर्न घेतो ड्राय, ड्रम तिसरीकडचे, आणि तबला मित्राच्या बेडरूममध्ये एक फुटावर माइक लावून वाजवलेला, आणि मग सगळं एकत्र यावं म्हणून मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावर, एक मोठा रिव्हर्ब (हॉलचं कृत्रिम घुमणं) टाकून मोकळा होतो. स्ट्रिंग्जच्या चर्चवर आणखी एक हॉल चढतो आणि त्यांचा नुसता गिचका होतो, हॉर्नला घुमणं मिळतं पण तो जागचा काही मागे सरकत नाही, तबला तर सगळ्यांच्या तोंडावर. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या फोटोंतली माणसं कापून एकाच ग्रुप फोटोत चिकटवली की प्रत्येकाची सावली वेगळ्या बाजूला पडते ना, तसंच. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खोटं आहे हे त्याला पहिल्या दोन सेकंदांत कळतं.

आता लांबचा आवाज लांबचा का वाटतो. नुसता बारीक होतो म्हणून नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर. तुम्ही दहाव्या रांगेत बसलायत आणि स्टेजच्या पुढच्या कडेला कुणी व्हायोलिन वाजवतंय, तर आधी थेट सूर पोचतो आणि मग भिंतींना, छताला लागून आलेले सूर पोचतात, मध्ये थोडी फट पडते. तोच माणूस पार मागच्या भिंतीला टेकून वाजवायला लागला की थेट सूर आणि भिंतीवरून आलेला सूर जवळजवळ बरोबरच येतात, फट मिटते, शिवाय थेट आवाज भिंतींच्या आवाजाच्या मानाने कमी पडतो. कान हे सगळं न सांगता मोजत असतो. रिव्हर्बमधलं प्री-डिले नावाचं बटण म्हणजे ही फट. म्हणून पुढच्या वाद्याला प्री-डिले जास्त आणि मागच्याला कमी, आणि बहुतेक मुलं हे बरोब्बर उलटं करतात कारण लांब म्हणजे उशीर असं डोक्यात बसलेलं असतं. मी साधारण स्ट्रिंग्जना २०-२५ मिलिसेकंद, बासरी-क्लॅरिनेट वगैरे वुडविंडला १५च्या आसपास, ब्रासला (हॉर्न, ट्रंपेट) ५ ते १० आणि टिंपनीला (मोठे नगारे) जवळपास शून्य ठेवते, आणि मागच्या वाद्यांची अगदी वरची फ्रिक्वेन्सी किंचित कापते कारण लांबून येताना हवाच ती खाते.

बसायची जागा हा दुसरा भाग. प्रेक्षकांकडून बघितलं तर पहिली व्हायोलिन डावीकडे, मग दुसरी, मग व्हायोला, उजवीकडे चेलो आणि त्यांच्यामागे डबल बेस, मधोमध मागे वुडविंड, त्यामागे हॉर्न-ट्रंपेट, सगळ्यात मागे टिंपनी. काही ऑर्केस्ट्रांमध्ये पहिली आणि दुसरी व्हायोलिन समोरासमोर बसवतात, तेही चालतं, एकदा धरली ती रचना पूर्ण नाटकभर पाळली म्हणजे झालं. पण इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, की चर्चमध्ये रेकॉर्ड केलेल्या लायब्रऱ्यांत वादक आपापल्या जागेवर बसूनच वाजवलेले असतात, म्हणजे व्हायोलिन मुळातच डावीकडे आहेत. त्यावर परत पॅनचं, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण डावीकडे फिरवलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये काय होतं, तर उजव्या चॅनलचा आवाज नुसता कमी होतो, आणि त्या उजव्या चॅनलमध्ये होता हॉल. व्हायोलिन डावीकडे जात नाहीत, हॉलची उजवी भिंत तेवढी गायब होते! अशा लायब्ररीला पॅन मधोमधच ठेवायचा. फिरवायचा तो ड्राय लायब्ररीला.

रूटिंगचं म्हणाल तर मुलांना मी एकच गोष्ट परत परत सांगते, की रिव्हर्ब वाद्याच्या ट्रॅकवर टाकू नका, सेंडवर घ्या, म्हणजे रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून वाद्याचा हवा तेवढा आवाज तिकडे पाठवा. स्ट्रिंग्जचे सगळे ट्रॅक स्ट्रिंग्जच्या बसला (बस म्हणजे अनेक ट्रॅक एकत्र येतात तो मार्ग), ब्रास ब्रासच्या बसला, वुडविंड आणि पर्कशन त्यांच्या त्यांच्या, आणि चारही मिळून एका ऑर्केस्ट्रा बसला. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच इन्स्टन्समध्ये (उघडलेल्या एकाच कॉपीत) चार वाद्यं लोड केली तर त्यांचे आउटपुटही वेगळे काढायला लागतात, नाहीतर चारही वाद्यं एकाच स्टिरिओ जोडीतून बाहेर पडतात आणि मग पुढे काहीच हातात उरत नाही, ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळू नका. मग रिव्हर्ब दोन प्रकारचे. एक फक्त अर्ली रिफ्लेक्शन्सचा, म्हणजे भिंतींवरून पहिल्या ८० मिलिसेकंदांच्या आत येणारे सूर, हा प्रत्येक सेक्शनला वेगळा कारण जागा त्यातूनच कळते. दुसरा टेलचा, म्हणजे नंतरचं लांब घुमणं, हा सगळ्यांचा एकच, कारण हॉल एकच आहे. चर्चवाल्या स्ट्रिंग्जना अर्ली रिफ्लेक्शन द्यायचेच नाहीत, ते त्यांच्यात आहेत, नुसता थोडा टेल द्यायचा. ड्राय हॉर्नला दोन्ही द्यायचं आणि अर्ली जरा सढळ हाताने. लायब्ररीत क्लोज (वाद्याजवळचे), ट्री, अॅम्बियन्ट (लांबचे, हॉल टिपणारे) असे वेगवेगळे माइक मिळत असतील तर आणखी सोपं, ट्री म्हणजे कंडक्टरच्या डोक्यावर टांगलेले तीन माइक, १९५०च्या दशकात डेका कंपनीच्या इंजिनिअर्सनी बसवलेली पद्धत आणि आजही ऑर्केस्ट्राचा मुख्य आवाज बहुतेक त्यावरूनच घेतात. दोन लायब्रऱ्यांचं जमत नसेल तर घुमणारीचा अॅम्बियन्ट माइक बंद करून क्लोज वाढवायचा, मग दोघींना एकाच हॉलमध्ये आणता येतं.

आणि आपला तबला, ऑर्गन, हार्मोनियम. यांना ऑर्केस्ट्राच्या मागे ढकलायचं काही कारण नाही. संगीत नाटकात ऑर्गनवाले आणि तबलजी रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या जवळ बसायचे, आपल्या कानाला ती जागा ओळखीची आहे. तर तबला पुढेच ठेवा, प्री-डिले मोठा, अर्ली रिफ्लेक्शन अगदी कमी, पण टेल मात्र ऑर्केस्ट्राचाच द्या, थोडासा. तेवढ्याने तो बेडरूममधून उठून नाट्यगृहात येतो. मी हे मुलांच्या समोर बटण बंद-चालू करून दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नाटकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नाटकात आपण ऑपरेटरला स्ट्रिंग्ज वेगळ्या, ब्रास वेगळे असे स्टेम्स देतो, म्हणजे संवाद सुरू झाला की त्याला ब्रास खाली घेता यावेत. आता सगळ्यांचा टेल एकाच रिव्हर्बमधून येत असेल आणि तो वेगळा बाऊन्स केला असेल, म्हणजे त्याची वेगळी फाइल काढली असेल, तर ब्रास खाली गेले तरी त्यांचं घुमणं हॉलमध्ये तसंच, आणि नटाचं वाक्य त्यात बुडतं. उपाय असा की तोच रिव्हर्ब, तीच सेटिंग्ज, पण प्रत्येक सेक्शनला वेगळी कॉपी लावून स्टेमबरोबर बाऊन्स करायची. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे खऱ्या हॉलच्या रेकॉर्डिंगवरून घुमणं काढणारा रिव्हर्ब, हा बेरजेचा हिशोब आहे, चार कॉप्यांची बेरीज आणि एका रिव्हर्बमधून काढलेले चारही, आवाज तोच येतो, त्यामुळे काही बिघडत नाही, फक्त कॉम्प्युटरवर लोड वाढतो. सेंड पोस्ट-फेडर (ट्रॅक खाली घेतला की तोही खाली जाईल असा) ठेवायचा आणि रिव्हर्ब शंभर टक्के वेट (त्यातून फक्त घुमणं येईल असा), हे सांगायलाच नको, पण सांगते.

इथपर्यंत सगळं लॅपटॉपवर झालं. पण ते वाजतं कुठे, तर नाट्यगृहात, आणि त्याचा स्वतःचा आवाज आहेच! सिंफनीसाठी बांधलेल्या हॉलमध्ये आवाज विरायला साधारण दोन सेकंद लागतात, म्हणजे ६० डेसिबलने खाली यायला. नाटकाचे हॉल संवादासाठी असतात, तिथे हा वेळ एक सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी असला तर शब्द स्पष्ट पोचतो. हेडफोनवर दोन सेकंदांचा युरोपियन हॉल लावून केलेलं संगीत अशा हॉलमध्ये वाजवलं की एका हॉलमध्ये दुसरा हॉल उघडतो, आणि आपले स्पीकर स्टेजच्या दोन टोकांना, त्यामुळे डावीकडच्या कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला डावाच स्पीकर ऐकू येतो, कारण जो आवाज आधी पोचतो तिकडूनच सगळं येतंय असं कान धरतो, १९४९ साली हेल्मुट हास यांनी हे मोजून दाखवलं. म्हणजे इतकी मेहनत करून बसवलेले चेलो त्या माणसासाठी नसल्यातच जमा. म्हणून नाटकासाठी टेल आखूड, पसरट पॅनिंग कमी, आणि एकदा मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकून बघायचं. हे कुठल्या हॉलसाठी किती करायचं ते मात्र आज कुणालाच सांगता येत नाही, तालमीच्या दिवशी हॉल मिळतो तो तास-दोन तास, त्यात लाइट्स लागायचे असतात, साउंडला कोण वेळ देतो.

आणि इथेच माझी मागणी येते. हॉलचा आवाज फाइलमध्ये घेता येतो, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. स्टेजवर एक चांगला स्पीकर ठेवायचा, त्यातून २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एक सूर सोडायचा, प्रेक्षकांत ठिकठिकाणी माइक लावून तो रेकॉर्ड करायचा आणि मग गणिताने त्यातून मूळ सूर वेगळा काढायचा, उरतो तो फक्त हॉल. ही चढत्या सुराची पद्धत इटलीच्या आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडली, तिचा फायदा असा की स्पीकरचं स्वतःचं डिस्टॉर्शन वेगळं काढून टाकता येतं. १९९९ मध्ये सोनीने हे इम्पल्स वापरणारं महागडं मशीन काढलं होतं, २००१ मध्ये अल्टिव्हर्ब नावाचं प्लगइन आलं, आज रीपरसारख्या स्वस्त सॉफ्टवेअरसोबतच असा रिव्हर्ब मिळतो, नुसती फाइल टाकायची. जगभरचे हॉल आणि चर्च अशा फाइल्समध्ये आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाने तर ओपनएअर नावाने असा संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. मी ज्या संग्रहांतून काम करते त्यांत मला पुण्यातलं एकही नाट्यगृह मिळालेलं नाही. ज्या शहरात एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, जिथे वर्षभर या ना त्या हॉलवर प्रयोग असतो, तिथल्या हॉलचा आवाज कुणाकडे नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाईचं कारणही आहे. बालगंधर्व १९६८ साली उभं राहिलं, त्याच्या पुनर्विकासाची चर्चा किती वर्षं चाललीय ते तुमच्याच पेपरात वाचतोय. पाडा किंवा पाडू नका यावर मी इथे बोलत नाही, त्यावर बोलायला माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत. पण हॉलला काहीही करायचं असेल, अगदी खुर्च्या बदलायच्या असतील, पडदे बदलायचे असतील, नवीन फॉल्स सीलिंग घालायचं असेल, तर त्याने आवाज बदलतो आणि आधीचा परत मिळत नाही. खुर्च्यांचं काय एवढं असं वाटेल, तर वॉलेस सबाइन यांची गोष्ट बघा. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये बोललेलं काहीच कळत नव्हतं, ते सुधारायचं काम या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री त्या हॉलमध्ये आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर, असं त्यांनी रात्रीमागून रात्री केलं. हॉल किती घुमणार याचं सूत्र त्यातून निघालं आणि त्यावरच १९०० सालचा बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. गाद्यांनी एवढा फरक पडतो.

इम्पल्स घेऊन ठेवल्याचा उपयोग फक्त आम्हा लॅपटॉपवाल्यांना नाही. त्याच रेकॉर्डिंगमधून हॉल किती सेकंद घुमतो, पहिल्या ५० मिलिसेकंदांत किती आवाज पोचतो म्हणजे संवाद कितपत स्पष्ट कळतो, असे सगळे आकडे निघतात, सभागृहांच्या मोजमापासाठी आयएसओ ३३८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. नवीन हॉल बांधताना टेंडरमध्ये हे आकडे लिहिता येतील, आणि बांधून झाल्यावर ठेकेदाराला हॉल मोजून दाखवायला सांगता येईल. आज नूतनीकरण झालं की फीत कापतात, एसी गार लागतो, आणि शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही हे पहिल्या प्रयोगाला कळतं.

तर भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, निदान या चार ठिकाणी प्रयोग नसेल अशी एकेक रात्र मिळावी. एसी, पंखे, ट्यूबलाइटचे चोक सगळं बंद, पडदा एकदा उघडा ठेवून आणि एकदा बंद, माइक पहिल्या रांगेत, मधे, शेवटच्या रांगेत, बाल्कनी असेल तिथे बाल्कनीत. रिकामा हॉल भरलेल्या हॉलपेक्षा जास्त घुमतो कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात, म्हणून जमलं तर एखाद्या प्रयोगाआधी प्रेक्षकांना अर्धा मिनिट शांत बसायची विनंती करून भरलेल्या हॉलचंही एक रेकॉर्डिंग घ्यावं, पुणेकर प्रेक्षक नाटकासाठी एवढं नक्की करतील. एफटीआयआयला साउंडचा विभाग आहे, विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, त्यांची मुलं यात आली तर त्यांना पुस्तकाबाहेरचं शिकायला मिळेल. फाइल्स कुणाच्या मालकीच्या न ठेवता सगळ्यांना मोकळ्या असाव्यात, म्हणजे नगरचा किंवा साताऱ्याचा मुलगासुद्धा पुण्याला फेरीसाठी यायच्या आधी आपलं संगीत भरत नाट्यमध्ये वाजवून बघू शकेल, घरबसल्या. पुढे पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली तर कार्ल्याच्या चैत्यगृहाचा आवाजही घ्यावा असं माझ्या फार मनात आहे, दगडाची ती लांबलचक कमान आणि आत अजून टिकलेल्या लाकडी फासळ्या, तसा हॉल युरोपातल्या कुठल्या लायब्ररीत मिळणार. पण ते नंतर. आधी नाट्यगृहं.

खर्चाचं म्हणाल तर स्पीकर, माइक, लॅपटॉप सगळं आम्ही काही जण मिळून आणू, मानधन नको. आम्हाला फक्त रिकामा हॉल हवाय आणि एसीचा मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला तिथला एक माणूस.

आपली,
एक म्युझिक प्रोग्रामर,
कोथरूड, पुणे